सहा गठ्ठे

कोर्ट नाक्याच्या कचेरीत एकतीस वर्षं
मी एकही कागद घरंगळू दिला नाही.
आला की शिक्का, शिक्क्यात तारीख,
तारखेखाली माझी आखूड सही,
आणि मग सहापैकी एक गठ्ठा.

आता चरईच्या घरात, जेवणाच्या टेबलावर
तीन हजार चारशे बारा न वाचलेले मेल.
चौथ्या मजल्यावरचा नीरद म्हणाला,
"काकू, सगळे सिलेक्ट करून उडवू?"
असं उडवतात का रे?
उडवायलाही यादी लागते, यादीला मंजुरी.

म्हटलं, लेबलं कर. लिहून घे.
एक, प्रलंबित: उत्तर मी द्यायचंय.
दोन, प्रतीक्षाधीन: मी लिहिलंय, समोरचा गप्प आहे.
तीन, नियतकालिक: वीजबिल, पेन्शनची पावती,
दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचा दाखला.
चार, स्थायी आदेश.
"यात काय टाकू?"
डॉक्टर गोगट्यांचं पत्र. मीठ कमी.
पाच, अभिलेख कक्ष. सहा, नष्ट करायचे.

लेबलांना रंग विचारला. सगळ्यांना लाल दिला,
गठ्ठ्याचं फडकं लालच असतं.
"मग ओळखणार कसे?"
वाचून, बाळा.

मग त्यानं मला फिल्टर शिकवला.
ज्यात 'ऑफर' तो थेट सहात.
ज्यात 'प्रिय ग्राहक' तोही सहात;
नावानं हाक न मारणाऱ्याला मी खुर्ची देत नाही.
दुपारभर मेल आपापल्या जागी उतरत राहिले,
आमच्या मढवी शिपायाच्या हातून
चारच्या सुमारास टपाल खणाखणांत पडायचं, तसे.
फार दिवसांनी कामावर असल्यासारखं वाटलं.
नीरदला दोन लाडू दिले.

आणि एक अडला.
विषय: रिकामा.
प्रेषक: विजू. बेलापूरला असते, माझी धाकटी.
अकरा वर्षांत मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा कुरियरनं.
तारीख गेल्या फेब्रुवारीची.

"खोपटच्या खोलीच्या कागदावरची सही माझीच होती.
मी सगळ्यांना सांगितलं, तू केलीस.
बास."

"हा कुठे, काकू?"

प्रलंबित म्हणावं तर यात प्रश्नच नाही.
प्रतीक्षाधीन म्हणावं तर वाट पाहिली खरी,
पण मी तिला लिहिलं होतं कुठे?
अभिलेखात पाठवायचा तर वर्ग ठरवावा लागतो.
'अ' म्हणजे कायम जपायचा,
'ड' म्हणजे वर्षाच्या आत रद्दी.
सहीचा कागद नक्की 'अ'.
आणि ते 'बास'?

नीरद तारा लावून क्लासला गेला.
तेव्हापासून रोज चहाआधी मी तो हलवते,
एकातून दोनात, दोनातून पाचात.
एकदा कचऱ्यातच टाकला. तिथं तीस दिवसांची मुदत असते,
एकोणतिसाव्या दिवशी काढला.
आमच्याकडे दप्तर तपासणी व्हायची,
तीन महिन्यांवर कागद दाबला
की साहेब समासात विचारायचे: का?
आता समासही माझाच.

काल रात्री उत्तराची चौकट उघडली.
बोटांनी सवयीनं लिहिलं, "उपरोक्त विषयास अनुसरून".
विषय तर रिकामाच. खोडलं.
"विजू" लिहिलं. स्वल्पविराम दिला.
तळावपाळीवरच्या गाड्यांचे तवे खणखणून थांबेपर्यंत
त्या स्वल्पविरामापाशी बसून होते.

सकाळी पाहते तर यंत्रानं आपणहून एक खण काढलाय,
माझ्या सहांच्या बाहेर, कुणाच्या मंजुरीशिवाय.
मसुदा. आत एक.

सही होईपर्यंत मसुद्याला क्रमांक नसतो,
तो आवक नाही, जावक नाही.
नीरदला दाखवला नाही.
रंगही दिला नाही अजून.